देवाच्या शेजारची जागा

मी डूख धरणारी बाई आहे. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्याने माझं नाव पुसलं त्याला मी वर्षभर विसरले नाही, आणि वचपा काढला तो त्याच्याच शब्दांनी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो आणि मी घाटकोपरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या सोसायटीच्या गणपतीमागे दरवर्षी भाड्याचा पडदा लागायचा: डोंगर, धबधबा, मोर. एका वर्षी मी म्हटलं, पडदा मी रंगवते. त्या दिवसांत माझ्या डोक्यात इटली शिरली होती. फूटपाथवर घेतलेलं एक जाड पुस्तक मी पुन्हा पुन्हा चाळायचे, त्यात प्रबोधनकाळातली चित्रं होती. त्याआधी चित्रात ज्याचा मान मोठा तो आकाराने मोठा असायचा. देव खांबाएवढा, राजा त्याच्या खांद्याला, साधा माणूस गुडघ्याला. या मंडळींनी तो हिशेबच मोडला. बघणारा जिथे उभा आहे तिथून मापायचं. जवळचं मोठं, लांबचं लहान, मग तो कुणी का असेना. सगळ्या रेषा लांबच्या एकाच बिंदूकडे न्यायच्या, की सपाट भिंतीत दालन उघडतं.

मी गच्चीवर भिंतीला मांजरपाट ताणला, मधोमध खिळा ठोकला, त्याला दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्या ताणून धरून रेषा मारत लांबलचक सभामंडप रंगवला. लोक मूर्तीला हात जोडायचे आणि मग पडद्याला हात लावून बघायचे, खरंच आत जागा आहे का म्हणून. मी भरून पावले होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घातलं होतं, बाकी काही नको होतं.

चतुर्थीच्या सकाळी बघते तर त्या नावावर ताज्या रंगाचा पट्टा. आणि मंडपाच्या दारात पाटी : संकल्पना व मांडणी, आणि पुढे आमच्या अध्यक्षांचं नाव. हे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, मूळचे मालवणकडचे, घरात म्हातारी आई. मी सरळ जाऊन विचारलं.

"बाई, देवाच्या कामात नाव कशाला पाहिजे?"

"मग पाटीवर तुमचं कसं?"

"मी अध्यक्ष आहे ना," ते म्हणाले.

दहाही दिवस ते आल्यागेल्याला माझ्याच तोंडची वाक्यं ऐकवत होते, दोऱ्यांची, खिळ्याची. आयत्या बिळावर नागोबा. मला इतका संताप आला की विसर्जनाला मी खाली उतरलेच नाही.

त्या पुस्तकात मी तेव्हा चित्रं सोडून चित्रकारांचं वाचायला लागले. त्यांनाही आधी सुतार-गवंड्यांतच धरायचे, भिंत रंगवा आणि चालू लागा. मग त्यांची नावं व्हायला लागली. सावकार आणि व्यापारी पैसे देऊन देवाच्या चित्रात स्वतःला गुडघे टेकून काढून घ्यायचे. चित्रकारही गर्दीच्या कडेला आपला चेहरा घालायचे, थेट बघणाऱ्याकडे पाहणारा. एकाने तर म्हणे, आपल्या चित्राला नावं ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला गाढवाचे कान लावून नरकात उभा केला. ते वाचून मला फार बरं वाटलं. पण गाढवाचे कान काढले असते तर माझ्यावर मीटिंग बसली असती. मला असं काहीतरी हवं होतं ज्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

पुढच्या वर्षी अध्यक्ष स्वतःच चालत आले. "बाई, यंदा कैलासाचा दरबार करा. आणि तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना, तिकडचे शेठ लोक चित्रात स्वतःला घालून घ्यायचे? मला पण घाला की."

"कुठे घालू?"

"शंकराच्या पायाशी. अगदी जवळ. मध्ये कुणी नको."

आमच्या मंडळात मान मोजायचा तो देवापासूनच्या अंतराने. पहिली आरती कुणाची, फोटोत मूर्तीला खेटून कोण, यावरून भांडणं व्हायची. त्यामुळे यापेक्षा मोठी जागा त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, हे मीटिंगमध्ये सांगा. त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, मध्ये कुणी नको हेसुद्धा.

मी खिळा ठोकला तो शंकराच्या छातीवर, दालनाच्या पार टोकाला. सगळे खांब, सगळ्या फरश्या तिकडे धावत होत्या, आणि तिथे शंकरच वीतभर झाला. अध्यक्षांना पायाशी बसवलं, मिशीसकट, हुबेहूब. अंगठ्याएवढे झाले. पुढे, बघणाऱ्याच्या अगदी समोर, सोसायटीतल्या हार गुंफणाऱ्या बायका पुरुषभर उंचीच्या. आणि त्यांच्यात मी, हातात ब्रश, नजर सरळ समोर. नाव कुठेच घातलं नाही.

पडदा लागेपर्यंत त्यावर चादर होती. ती काढली तेव्हा अध्यक्षांनी आधी पुढच्या बायका पाहिल्या, मग पार टोकाला स्वतःला. एक सभासद हसत म्हणाला, "वाट लागली." माझ्यावर पट्टा मारायचा तर शेजारच्या बायकांवरही मारावा लागला असता, आणि त्या सगळ्या तिथेच उभ्या होत्या.

"बाई, हे काय केलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच. मध्ये कुणी आहे का बघा."

संध्याकाळी ते आईला हाताला धरून घेऊन आले. म्हाताऱ्या बाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या. मला लगेच ओळखलं. "ही आमची चित्रांची बाय." मग मुलाला शोधत राहिल्या. "आणि माझो झील खंय आसा?"

मी त्यांचं बोट धरलं आणि नेऊन बरोबर त्या जागी टेकवलं. बोटाखाली तो पुरता झाकला गेला. त्यांनी बोट काढलं, वाकून पाहिलं.

"इतको ल्हान?"

लेक मागेच उभा होता. मला दया आली नाही.

"देवाच्या शेजारी बसलेत ना, आजी," मी म्हटलं. "आपल्यापासून लांब पडलेत."