नाताळाचे रोडगे

कारंज्यात भागिरथाबाईंना सगळे ओळखत ते त्यांच्या मटणामुळे. त्यांचे यजमान रंगराव दवाखान्यात कंपाउंडर होते, शिवाय ख्रिस्ती मंडळींच्या देवळात पेटी वाजवत. म्हणजे तसा दोन ठिकाणी नाव असलेला माणूस, पण बाजारात कोणी विचारलं, "कोण रंगराव?" तर उत्तर यायचं, "अरे, ते नाही का, नाताळात मटन करतेत त्या बाईचे!" रंगरावांचे आजोबा मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तेव्हापासून घरात नाताळ होता. आणि नाताळ होता तेव्हापासून मटण होतं.

आता नाताळाचं मटण म्हणजे वेळेचा मोठा घोळ. खाटीक सकाळी सातला कापणार, मटण साडेसातला घरात येणार, साडेआठला देवळाची घंटा वाजणार. बाराला देऊळ सुटलं की मंडळी तडक पाटावर, कारण पाहुण्यांना तीनची एसटी धरायची. मग साडेआठ ते बारा चुलीपाशी कोण? हा प्रश्न चोवीस वर्षांपूर्वी, भागिरथाबाईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात निघाला होता. सासूबाईंनी नव्या सुनेकडं नुसतं पाहिलं. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

एरवीच्या रविवारी भागिरथाबाई देवळात जात. नाताळाच्या उपासनेतलं त्यांच्या वाट्याला यायचं ते फक्त पहिलं गाणं, तेही खिडकीतून. कारण रंगराव त्या दिवशी पेटीचा भाता जीव खाऊन हलवत. पुढं पाट्यावर मसाला वाटायला घेतला की बाकीचं सगळं त्या घरघरीत बुडून जाई. खरं तर नाताळाचं प्रवचन ही पाद्रीबाबांची खासियत. ते ऐकायला खेड्यापाड्यांतून माणसं येत. भागिरथाबाई दरवर्षी पंगतीत पहिली वाढ झाली की विचारत,

"काय सांगतलं पाद्रीबाबानं?"

नळी चोखता चोखता रंगराव म्हणत, "चांगलं सांगतलं."

रंगरावांचे धाकटे भाऊ शेषराव, कामरगावात छोटंसं किराणा दुकान चालवणारे, जरा अधिक बोलके. ते म्हणत, "लयच चांगलं सांगतलं, वयनी. थोडा रस्सा वाढा."

झालं. चोवीस नाताळांची चोवीस प्रवचनं भागिरथाबाईंपर्यंत पोचली ती इतकीच.

चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात मात्र पाद्रीबाबांनी सांगून टाकलं, की हा माझा शेवटचा नाताळ. जानेवारीत निवृत्त होऊन मुलाकडं जाणार. मंडळी हळहळली. भागिरथाबाई घरी आल्या. उंबरठ्यात चपला काढता काढता म्हणाल्या,

"औंदा मी नाताळाले देवळात बसनार. पयल्या गान्यापासून आशीर्वादापर्यंत."

रंगराव दचकले. "मंग मटन?"

माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो त्यावरून त्याचं मन कळतं म्हणतात.

पुढच्या रविवारी शेषराव दुकानाचा माल न्यायला आले होते. त्यांच्यासमोर हा प्रश्न मांडला गेला. शेषरावांकडं कुठल्याही अडचणीवर तोडगा तयार असे, फक्त तो दुसऱ्यानं अमलात आणायचा असे.

"माह्या साडूकडं कुकर हाये," ते म्हणाले. "आनून देतो. तीन शिट्ट्या, मटन खलास!"

"अन् त्या शिट्ट्या कोन मोजन? देवळातून आयकू येतेत का?" भागिरथाबाईंनी विचारलं. "तुमचे भाऊ पेटी वाजवतीन का शिट्ट्या मोजतीन?"

रंगरावांनीही मान हलवली. "दवाखान्यात मी सुया तशाच उकळतो. कुकरातलं मटन म्हंजे निर्जंतुक केलेलं मटन."

"मंग राती करून ठेवा."

"शिळं? नाताळाले?"

"बरं, मंग मी राह्यतो घरी चुलीजवळ," शेषराव उदार झाले.

"राहा ना, भाऊजी. आमी येईपर्यंत हाडकं तरी ठेवजा."

शेषराव हसले, पण त्यांनी ती सूचना मागं घेतली. ती का घेतली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग भागिरथाबाईंनी मनातलं बाहेर काढलं.

"रोडगे करू."

आता रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा तेल लावून वळलेला मोठा गोळा. गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, उलटायचा, मग गरम राखेत पुरून ठेवायचा. तो आपला आपण शिजत बसतो. वांग्याची भाजी आणि वरण पहाटे करून ठेवलं तरी उलट मुरून चवीला येतं. भागिरथाबाईंनी आठवडाभर पाटा-वरवंटा घासताना हे सगळं जुळवलं होतं.

"वयनी!" शेषरावांचा आवाजच फिरला. "रोडगे मारोतीच्या नवसाचे असतेत! नाताळात मारोती कुठून आनला?"

"गव्हाच्या सातबाऱ्यावर मारोतीचं नाव हाये का?"

शेषरावांनी भावाकडं पाहिलं. रंगराव अस्तनीत खरा हुकूम लपवून बसले होते. ते हळूच म्हणाले, "तुह्यं बरोबर हाये. पन पाद्रीबाबाचं काय? चोवीस वर्षं तुह्या हातचं मटन खाऊन राह्यला मानूस. शेवटच्या वक्ताले त्याले रोडगा देशीन?"

हे मात्र लागलं. पाद्रीबाबा दरवर्षी दोन वाट्या रस्सा घेत आणि जाताना न चुकता म्हणत, "भागिरथाबाई, पुढच्या नाताळापर्यंत हीच चव पुरवायची आहे." त्यांना निरोपाच्या दिवशी मटण नाही? ऐकायला जावं तर त्यांचंच जेवण हुकतं, जेवण करावं तर त्यांचंच प्रवचन हुकतं. दोन दिवस भागिरथाबाई हाच हिशेब करत राहिल्या. भाजीत मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या दिवशी त्या घरामागच्या दुर्गाबाईंच्या मळ्यात वांगी आणायला गेल्या. दुर्गाबाई माळीण, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं रोखठोक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वांगी तोडायची थांबवली नाहीत.

"तुह्या त्या बाबाले खाऊ घालनारं अर्धं कारंजं हाये," त्या म्हणाल्या. "त्याचं आयकनारं एक मानूस कमी करून कायले मटन खाऊ घालतं?"

"पन रोडग्यापाशीबी कोनी पायजे ना. कुत्रे उकरतेत."

"मी बसतो ना! मटन असतं तर मी वाऱ्याले उभी राह्यली नसती. रोडग्याले काय? आर माह्या मळ्यातच कर. गोवऱ्या माह्या, वांगे माहे, काठीबी माहीच." मग एक वांगं टोपलीत टाकत त्या म्हणाल्या, "फक्त एक करजो. आल्यावर मले सांगजो, तो काय सांगते ते. बारा वर्षं झाले, कुंपनाच्या इकडून नुसती पेटीच आयकून राह्यली मी."

भागिरथाबाई घरी आल्या त्या चौदा किलो गहू जाडसर दळून आणायचं ठरवूनच.

नाताळाच्या दिवशी पहाटेपासून मळ्यात धूर होता. सात वाजता आर लाल झाला, रोडगे भाजले, उलटले आणि राखेखाली गेले. हातपाय धुऊन, लाल काठाचं लुगडं नेसून भागिरथाबाई देवळात जाऊन बसल्या, त्या थेट बायकांच्या पहिल्या रांगेत. ती जागा नाताळात दुसऱ्या एका बाईंची ठरलेली; त्या येऊन उभ्या राहिल्या, यांच्याकडं पाहिलं, आणि निमूटपणे मागं जाऊन बसल्या.

पहिला अर्धा तास भागिरथाबाईंना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. चोवीस वर्षांत नाताळाच्या सकाळी ते कधी रिकामे नव्हते. कधी पदराचं टोक गुंडाळ, कधी सतरंजीचा दोरा ओढ. मग पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले, आणि हात आपोआप मांडीवर शांत झाले.

गंमत अशी, की त्याच वेळी पुरुषांच्या बाजूला अशांतता सुरू झाली. रंगराव पेटीआडून खिडकीकडं पाहत होते. मळ्यावरचा धूर दिसत नव्हता, म्हणजे आर विझला की काय? शेषरावांना उलट वास येत होता, म्हणजे जळाले की काय? दोघा भावांत नुसत्या भुवयांनी वाद चालला होता. शेवटी शेषरावांना मोठ्ठा खोकला आला. खोकत खोकत ते बाहेर गेले. परत आले तेव्हा खोकला पार बरा झाला होता आणि मिशीला राख लागली होती.

भागिरथाबाईंनी ती राख पाहिली. पाहिली, आणि मान पुन्हा पाद्रीबाबांकडं वळवली.

पंगत मळ्यातच बसली, कडुनिंबाखाली, वांग्यांच्या वाफ्याला लागून. राख झटकून फोडलेल्या रोडग्यांवर तूप पडलं. पाद्रीबाबा आले तेव्हा भागिरथाबाई वाटेतच पुढं झाल्या. "बाबा, औंदा मटन नाही," त्यांनी सांगून टाकलं.

पाद्रीबाबांनी रोडगा वरणात कुस्करला, चार घास खाल्ले आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "बाई, आता जातोच आहे म्हणून सांगतो. माझ्या दाढा सहा वर्षांपूर्वीच गेल्या. तुमचा रस्सा अमृतच, पण मटणाचे तुकडे मी सहा वर्षं नुसते गिळतो आहे."

सगळी पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यांदा भागिरथाबाई हसल्या. सहा वर्षांचं नव्हे, पंधरा दिवसांचं ओझं उतरलं होतं. अजून चार घरचं बोलावणं असल्यानं पाद्रीबाबा तूप लागलेला आशीर्वाद देऊन उठले.

मग दुर्गाबाई आपल्या घरून आपलं ताट घेऊन आल्या. त्या नेहमीच आपलं ताट आणत, त्यात दोन्ही घरांना नवल नव्हतं. त्या बसत म्हणाल्या, "तुहे भाऊजी मधातच येऊन गेले वं. एक रोडगा उकरून उभ्या उभ्या खाल्ला. काठी दाखवली तवा पळाले."

शेषरावांनी मिशी पुसली, चार तास उशिरा.

"ते जाऊ दे. काय सांगतलं तुमच्या बाबानं?"

"चांगलं सांगतलं," रंगराव सवयीनं बोलून गेले.

"तुमी जेवा," भागिरथाबाई म्हणाल्या, आणि दुर्गाबाईंकडं तोंड करून बसल्या.

"मेंढपाळाइची गोष्ट सांगतली. ते रानात मेंढरं राखून राह्यले होते. आभायात उजेड झाला, बाळ जन्मलं म्हून कळलं, तशे उठले अन् पळत सुटले. पाद्रीबाबा म्हने, सगळे गेले असं आपन सांगतो. पन मेंढरं कोनाच्या भरोशावर सोडले? लांडग्याइचा का उपास होता त्या दिवशी? एक जन तरी मागं राह्यलाच असन. त्याचं नाव नाही, गाव नाही. म्हने, चाळीस वर्षं मी पळनाऱ्याइवर बोललो, आज त्या एकासाठी बोलतो."

दुर्गाबाईंचा घास हातातच राहिला होता. "खरं हाये," त्या म्हणाल्या. "मेंढरं सोडून कसं जमन?" मग विचार करून म्हणाल्या, "पन बाकीच्याइनं वापस आल्यावर त्याले सांगतलं असन ना सारं?"

"सांगतलं असन ना," रंगराव रोडगा कुस्करत म्हणाले.

भागिरथाबाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग दिराकडं.

"कायचं सांगतेत! 'चांगलं झालं' म्हनले असतीन, अन् बसले असतीन जेवाले."

रंगरावांना ठसका लागला. दुर्गाबाई हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. "तू सांग, भागिरथा. मले पयल्यापासून सांग."

भागिरथाबाईंनी ताट बाजूला सरकवलं आणि पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. शेषरावांची तीनची एसटी त्या दिवशी चुकली. देवळात बसून जे त्यांच्या कानावर पडलं नव्हतं, ते कडुनिंबाखाली, सहावा रोडगा हातात धरून, ते तोंड उघडं टाकून ऐकत बसले होते.