गिरिधर नव्हता म्हणून

रेशीमबागेतल्या देवरावांचं आकड्यांवर फार प्रेम. सरकारी सांख्यिकी कचेरीत कारकुनी करून करून त्यांना अशी खोड जडली होती, की भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते 'या महिन्यात तिसऱ्यांदा' म्हणून मोकळे व्हायचे. एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण या आकडेवारीच्या तावडीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सापडला, आणि तिथं मात्र बिघडलं.

गिरिधर एसटीत कंडक्टर, उमरेडच्या गाडीवर. लग्न केलेलं नव्हतं. भावाच्याच घरी मागच्या खोलीत राहायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. क्रिकेटचं वेड मात्र जबर. घरात टीव्ही आला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला होता. आणि दोन-चार महिन्यांतच देवरावांनी शोध लावला: गिरिधर बघायला बसला, की भारत हरतो! चारदा बसला, चारदा हरले. आता त्या दिवसांत आपली टीम गिरिधर ड्युटीवर असतानाही हरत होतीच की! पण ते सामने देवरावांनी मोजलेच नाहीत. सोयीचं तेवढं मोजायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं, अशी माणसं गल्लोगल्ली असतात.

गोष्ट क्रिकेटवर थांबली असती तर हसून सोडून देता आली असती. पण देवरावांच्या मुलीला, पुष्पलतेला, बघायला दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते आणि दोन्हीकडून नकार आला होता. दोन्ही वेळा काका बैठकीत होता. "दोनापैकी दोन. शंभर टक्के," देवराव म्हणाले. झालं! गिरिधर पांढऱ्या पायाचा ठरला. ज्या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून दसऱ्याची गर्दी दाखवली, उरलेल्या तिकिटांवर पाढे शिकवले, तिचंच लग्न म्हणे त्याच्यामुळे अडलं होतं. शेजारीपाजारी त्याला थट्टेनं पनौती म्हणू लागले. तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की कमी लागतं, असा त्याचा समज होता. लागायचं तेवढंच लागायचं.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये भारत वर्ल्डकपच्या फायनलला पोचला. मॅच शनिवारी, आणि रविवारी कन्हानचे पाहुणे पुष्पलतेला बघायला येणार. शुक्रवारी जेवताना देवरावांनी विषय काढला.

"गिरिधर, उद्या मॅच संपेपर्यंत घरी येऊ नको गा. अन् परवाही जादा ड्युटी घेऊन टाक."

"बरं दादा."

"काकाले काहून बाहेर ठेवता?" पुष्पलता चिडली.

"आकडे खोटं बोलत नाहीत पोरी," देवराव म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

शनिवारी रात्री गिरिधरची गाडी उमरेडहून परतली. हिशोब देऊन तो डेपोतून बाहेर पडला खरा, पण जाणार कुठं? स्वतःचं घर त्याला बंद होतं. पाय आपोआप सीताबर्डीकडे वळले. तिथं एका दुकानदारानं टीव्ही दारात आणून ठेवला होता आणि रस्ता माणसांनी भरला होता. भारत एकशे त्र्याऐंशीत गारद झालेला, आणि समोरचा तो धिप्पाड फलंदाज चौकारांवर चौकार ठोकत होता. मी आलो आणि हे सुरू झालं, असं गिरिधरच्या मनात आलं. तो मान खाली घालून व्हरायटी चौकाकडे चालायला लागला.

तोच मागं जल्लोष उठला. कर्णधारानं उलटं पळत जाऊन झेल घेतला होता आणि तो फलंदाज बाद झाला होता. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. गिरिधर मात्र फुटपाथवर मट्‌कन खाली बसला. म्हणजे दादाचं खरं! आपण पाठ फिरवली म्हणून विकेट पडली. आजवर लोक म्हणत होते, आज त्याचा स्वतःचाच विश्वास बसला. त्याला रडू आलं.

पण वेड ते वेड. एकदाच बघू आणि जाऊ, म्हणून तो परत गर्दीत शिरला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत विकेट पडली! तो जागचा हलला नाही. आणखी एक पडली. मग आणखी एक. शेवटची पडेपर्यंत तो पापणी न लववता उभा होता. समोरचे एकशे चाळीसात आटोपले. कुण्या अनोळखी सरदारजीनं त्याला उचलून गरगर फिरवलं, तेव्हा खाकी टोपी कुठं पडली तेही त्याला कळलं नाही.

घरी पोचला तर आळीत फटाके. देवरावांनी धावत येऊन त्याला मिठी मारली आणि तोंडात पेढा कोंबला. "पाह्यलं? गिरिधर नव्हता म्हणून जिंकलो! याचे उपकार आहेत बाप्पा आपल्यावर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा गिरिधरसाठी टाळ्या वाजत होत्या, आणि त्या कशाबद्दल, तर तो नव्हता याबद्दल. "उद्याही असाच बाहेर राय," देवराव प्रेमानं म्हणाले.

गिरिधरनं पेढा गिळला.

"दादा, मी पाह्यलं. सीताबर्डीले उभं राहून, शेवटच्या विकेटपर्यंत."

टाळ्या थांबल्या. देवरावांचा चेहरा उतरला, पण आकड्यांचा माणूस इतक्यात हार मानतो थोडाच! "असं होते कधी कधी," ते म्हणाले. "पण एकानं काही सिद्ध होत नाही."

"मंग दोन होऊ द्या," गिरिधर म्हणाला. "उद्या मी ड्युटीले जात नाही. पुष्पाच्या बैठकीत बसतो."

देवराव काही बोलणार, तेवढ्यात पुष्पलतेनं काकाच्या हातातली ड्युटीची पिशवी घेतली आणि ती आत ठेवून आली.

रविवारी गिरिधर इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत बसला. कन्हानचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले. आठवडाभरात नकार आला.

तो निरोप घेऊन देवराव स्वतः एसटी स्टँडवर गेले. गिरिधर उमरेडच्या गाडीच्या दारात उभा होता. भावाला पाहून तो काय ते समजला आणि त्यानं मान खाली घातली.

"नाही म्हणाले," देवराव गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाले. मग त्यांनी भावाकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी वर्ध्याचे येऊन राहिले. सुट्टी टाकून ठेव गा."