सोळा रंगांतली आय

सांडोरच्या रस्त्याने केळीच्या वाडीला लागून चालताना वाळल्या पानांचा कुबट, गोडसर वास आला आणि पाय थबकले. घड उतरवलेल्या बुंध्यांवर पानं लोंबत होती, कडेला फाटलेली, तपकिरी. तो तपकिरी रंग माझ्या ओळखीचा आहे. महिन्यापूर्वी गेलेल्या मित्रासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती, तिला निघालो होतो आणि खिशातल्या पाकिटात त्याच रंगाचं एक चित्र होतं.

नव्वदीच्या दशकात वसई रोडच्या एका लहानशा कचेरीत आम्ही दोघे पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढत असू. युनिक्सचं वर्कस्टेशन एकच. सकाळी तो बसे, दुपारनंतर मी. लॉगिनही दोघांत एकच. पडदा मुळात राखाडी, बारीक ठिपक्यांच्या जाळीचा, पाहून मन विटावं असा. एका दुपारी गेलो तर त्या राखाडीच्या जागी केळीची वाडी उभी होती. मधोमध लाल लुगड्यातली एक बाई, हातात कोयता, फोटो काढणाऱ्यावर जराशी चिडलेली.

"आय," तो एवढंच म्हणाला.

तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरातला तिचा एकुलता एक रंगीत फोटो त्याने मुंबईला स्कॅन करून फ्लॉपीवर आणला होता आणि लॉगिन करताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत एक ओळ लिहून पडद्याच्या तळाशी पसरला होता. त्या तळाला युनिक्सवाले मूळ खिडकी म्हणतात. बाकी साऱ्या खिडक्या तिच्यावर उघडतात, तिला झाकून टाकतात; त्या मिटल्या की ती असते तिथेच असते. जेवायच्या सुट्टीत तो सगळ्या खिडक्या मिटवून जाई. आयला जरा हवा लागू दे, म्हणे.

पण त्या यंत्राजवळ एका वेळी रंग दोनशे छप्पन्नच. चित्राने ते बहुतेक सगळे घेतले आणि माझ्या नकाशातले निळे पाइप काळे पडू लागले. दोनदा मी कुरकुरलो. पाइपांना कोण बघायला येतंय, असं त्याने हसण्यावारी नेलं. तिसऱ्यांदा नकाशा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि तो घरी गेलेला. मी चित्र सोळा रंगांवर आणलं आणि त्याच नावाने, जुन्याच्या जागी, साठवलं. मिनिटभराचं काम. रंग कमी करताना यंत्र जे पुष्कळ आहे ते ठेवतं. वाडी मोठी होती, बाई लहान. हिरव्याच्या छटा राहिल्या. लुगड्याचा लाल गेला आणि तिथे वाळल्या पानाचा तपकिरी आला.

दुसऱ्या दिवशीही जेवायच्या सुट्टीत तो सगळ्या खिडक्या मिटवून गेला. मूळ फोटो घरी आहेच, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे पावसाळा संपल्यावर त्यानेच सांगितलं, की पेटीतला फोटो वाळवीने केव्हाच खाल्ला होता. फ्लॉपीही तोवर पुसून आमच्याच नकाशांनी भरली होती. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "पानं तरी हिरवी ठेवलीस."

त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो इतकी वर्षं पुसला गेला नाही. यंत्र भंगारात जाईपर्यंत त्याने ते चित्र बदललं नाही. शेवटी फाइल मी उतरवून घेतली आणि कागदावर छापून पाकिटात ठेवली. माफी मात्र मागायची राहिली, आज मागू उद्या मागू करत.

मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर त्याची मुलगी जवळ आली. आजीचा फोटो तुमच्याकडे आहे, असं पप्पा सांगायचे, म्हणाली. मी पाकीट दिलं. तिने चित्र बाहेर काढलं.

"काका, आजी तपकिरी नेसायची?"

"नाही गं. लाल. तो रंग मी घालवला."

मग तिथेच, उभ्या उभ्या, तिला सगळं सांगितलं. जे त्याला सांगायचं ते तिला. तिने ना दोष दिला, ना समजूत काढली. पर्समधून पेन काढलं, चित्र उलटं करून तळहातावर धरलं आणि पाठीवर लिहिलं: लुगडं लाल होतं.

परतताना उजेड उतरला होता आणि वाडीतली हिरवी, वाळकी पानं एकाच रंगाची दिसत होती. ते लाल पाहिलेलं माणूस आता मी एकटाच उरलो असेन. माझ्यामागे ते तिच्या अक्षरातल्या त्या तीन शब्दांत राहील, निळ्या शाईत.