मोकळ्या खेळावर मालकी सांगणारा

तो प्रसंग आठवला की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी बहरीनच्या पोलीस दलात तपास अधिकारी होतो. त्या वर्दीत मराठी माणूस विरळाच, त्यामुळे भारतीयांचं प्रकरण आलं की ते माझ्याच टेबलावर यायचं.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. माहूज या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये नकली खेळ छापले जातात, अशी खबर होती. पाठोपाठ तक्रारदारही आला, खेळण्यांचा एक भारतीय व्यापारी. मोती काढणाऱ्या गलबतांचा, पटावर खेळायचा खेळ त्याने बाजारात आणला होता. खोक्यावर त्याचंच नाव आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’.

आम्ही फ्लॅटवर गेलो. दार उघडलं ते नागपूरच्या एका बौद्ध कुटुंबातल्या बाईंनी. बांधकाम कंपनीत त्या ड्राफ्ट्समन होत्या. टेबलावर तोच पट, तेच पत्ते, पण हाताने रंगवलेले.

“साहेब, हा खेळ मीच तयार केलाय,” त्या म्हणाल्या. “आणि सगळ्यांना देऊन टाकलाय.”

“देऊन टाकला म्हणजे?”

त्यांनी नियमांचं शेवटचं पान पुढे केलं. कोणीही छापा, बदला, विका. फक्त मूळ रचना माझी असं लिहा आणि पुढच्यालाही हीच मोकळीक द्या, असं त्यावर होतं.

तक्रार नोंदवलेली होती. पंचनामा करून मला त्यांना ठाण्यात आणावंच लागलं. त्यांच्या मॅनेजरला कळायला वेळ लागला नाही. पोलीस केसची भानगड नको म्हणत त्याने त्यांचा व्हिसा रद्द करायला अर्जही टाकला. आरोप सिद्ध व्हायचा होता, शिक्षा मात्र सुरू झाली होती!

बाईंनी साक्षीदार म्हणून मुहर्रक शहरातल्या एका बहरीनी शिक्षकाचं नाव सांगितलं होतं. मी त्यांना बोलावलं. व्यापाऱ्याचा खेळ बाजारात येण्याआधीचा आपला जुना पट ते काखेत घेऊनच आले.

“माझे आजोबा मोती काढायला समुद्रात जायचे,” ते म्हणाले. “त्यांच्या गोष्टी ऐकून या बाईंनी खेळ रचला. अरबी नियम मी लिहिले. त्यांचं नाव घालूनच.”

मग मी व्यापाऱ्याला समोर बसवलं. शेजारी त्याचा वकील. आधी तो खेळ आपल्याच डोक्यातून निघाला म्हणत राहिला. शिक्षकांचा पट समोर ठेवल्यावर त्याने सूर बदलला.

“असेल तिचा. पण तिनेच फुकट दिला ना? मी घेतला. तिच्या अटींवर माझी सही कुठे आहे? सही नाही, करार नाही. खलास!”

“करार नाही म्हणता? मग परवानगीही नाही,” मी म्हणालो. “तिचा मजकूर, तिची चित्रं छापलीत कशाच्या जोरावर? आणि परवानगी हवी असेल तर अटींसकट घ्या. अर्धीच कशी घेता?”

तो पुन्हा तोंड उघडणार, तोच वकिलाने त्याचा दंड धरला.

तक्रार मागे घेतली गेली. खोक्यावर बाईंचं नाव घालायचं त्याने कबूल केलं. खोट्या तक्रारीबद्दल त्याच्यावर कारवाई व्हावी म्हणून मी वरिष्ठांकडे गेलो. तडजोड झालीय, फाइल बंद करा, असं उत्तर मिळालं. मग मी बाईंच्या मॅनेजरलाही जाऊन भेटलो. अर्ज पुढे गेलाय, आता काही होणार नाही, म्हणत त्याने खांदे उडवले.

निघण्याआधी बाई जप्त केलेला पट न्यायला ठाण्यात आल्या. मी म्हणालो, “ताई, पुढचा खेळ केलात तर हक्क राखून ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “चोरी त्याने केली, आणि दार मी बंद करू?”

मी पट त्यांच्या हाती दिला. त्यानंतर नोकरीत एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. ठाण्यात आधी पोचला म्हणून कुणाला खरा मानलं नाही. पण बाईंना त्याचा काय उपयोग? त्या नागपूरला परतल्या, आणि व्यापाऱ्याचं दुकान दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळी उघडलं.