आत्या आणि छातीतलं पाणी

माझ्या अकोल्याच्या आत्याइतकं रागावणारं माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरं नसेल. तीस वर्षं तिने बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली, आणि त्यातली निदान पंचवीस ती कोणावर तरी ओरडत होती. तोंडात तंबाखूचा खर्रा धरून पाळण्यात वाकणाऱ्या बापांवर ओरडायची. लेकरू पाय धरून उलटं टांगणाऱ्या पातूरच्या एका दाईवर तर अशी, की ती बाई पुढे आत्याला पाहून रस्ता बदलायची. “म्हने, छातीतलं पानी निथळते! ओली छत्री होय का थे, झटकाले?” आईच्या पोटात असताना लेकराच्या फुफ्फुसात पाणीच असतं, दिवस भरून कळा सुरू झाल्या की फुफ्फुसं स्वतःच ते शोषू लागतात, उरलेलं पहिल्या श्वासांनी रक्तात ओढलं जातं, हे ती भाजी निवडतानाही ऐकवायची.

माझ्या बायकोच्या वेळी मूल पायाळू होतं, सिझर ठरलेलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे थांबू. पण अंजनगावच्या सासऱ्यांनी मुहूर्त आणला, याच गुरुवारी सकाळी दहा चाळीस. त्यांनी हट्ट धरला, मी मान डोलावली, बाईंनी अखेर माझी सही घेतली. आत्या पहिल्या एसटीने अमरावतीत आली आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच कडाडली, “सिझर करा ना, कोन नाही म्हनते? पन दिवस तर भरू द्या! कळा नाही, काही नाही, त्या छातीले कसं समजन का आता पानी आवरा लागते?”

सासरे म्हणाले, “बाई, राजयोग हाय.”

“श्वास नाही आला त राजयोग चाटता का?”

मुलगी मुहूर्तावर झाली. अकराला तिच्या नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला ती कण्हत होती. तिला काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर ठेवलं. आत्याने सासऱ्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा हिसकावून आपटला. माझ्याकडे पाहिलंही नाही. जुनी ओळख काढून ती आत शिरली आणि दोन दिवस घड्याळावर श्वास मोजत बसली. एकदा मी मागे जाऊन उभा राहिलो. कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात ती काचेशी म्हणत होती, “तुले घाई नोती व माय. या गाढवाइले होती.”

तिसऱ्या दिवशी श्वास ताळ्यावर आला, मुलगी आईच्या कुशीत गेली. आत्या लगेच निघाली. स्टँडवर मी म्हणालो, “आत्या, चुकलो.” ती गाडीत चढून खिडकीशी बसली. दोन शिव्या तरी देईल म्हणून मी खिडकीखाली उभा राहिलो. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून हात काढून नुसती माझी कॉलर सारखी करत होती.