लाहिरी सरांचा शेरा

लायब्ररीत शांतता पाळायची असते, तिथेच सगळा घोळ आहे. बँकेत, रेल्वेत, आयटीत काही गंमत झाली की लोक तिथल्या तिथे हसून मोकळे होतात. आम्हाला ती सोय नाही. ओठ दाबून समोरच्याला पुस्तक द्यायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. त्यामुळे किस्से साचत जातात, आणि रविवारी कोलकात्याच्या न्यू टाउनला आपली मराठी मंडळी जमली, पोह्यांच्या बश्या हातात आल्या, की भडाभडा बाहेर पडतात. माझा नवरा गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून तो माझेच किस्से आणखी तिखटमीठ लावून सांगतो. तेव्हा म्हटलं, मूळ प्रत आपणच द्यावी.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत माझं टेबल संशोधन करणाऱ्यांना मदत करण्याचं. कुठलं जर्नल कुठे मिळेल, घरून लॉगिन कसं करायचं, प्रबंधात उचलेगिरी आहे का हे कसं तपासतात, सगळं माझ्याकडे. बंगाली जिभेवर 'व'चा 'ब' होतो, म्हणून वृंदाताईची तिथे ब्रिंदादी झाली. आधी मी "वृंदा, वृंदा" करून दुरुस्त करायचे. आता ब्रिंदा म्हटलं की वळते.

* * *

घरून जर्नल वाचायची सोय सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी अर्ज केला इकॉनॉमिक्सच्या एका सरांनी. रोज हावड्याहून पूल ओलांडून यायचे, बिचाऱ्यांचे हाल वाचतील म्हणून मी त्यांना जवळ बसवून सगळं शिकवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर सर आपल्या नेहमीच्या खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसलेले, आणि पडद्यावर तेच घरून वापरायचं लॉगिन!

मी म्हटलं, सर, हे घरी बसून वापरायचं असतं.

"घरी बसलो तर मला कोण वाचू देणार?" सर म्हणाले. "बायको म्हणते, बसलाच आहात तर मटार सोला."

ते अजून येतात. लॉगिन उत्तम चालतं, असा अभिप्रायही देऊन गेलेत.

* * *

परीक्षा जवळ आली की मुलं पुस्तकं लपवतात. चोरत नाहीत हं, लपवतात. संदर्भाचं पुस्तक घरी नेता येत नाही आणि प्रत एकच, मग ते भलत्याच कपाटात सरकवून ठेवायचं, म्हणजे उद्या आपल्यालाच मिळेल. एकदा स्टॅटिस्टिक्सचं एक जाडजूड पुस्तक असंच गायब झालं. काउंटरवरचे तापसदा आणि मी दोन दिवस शोधत होतो.

सापडलं कुठे, तर मराठीच्या कपाटात. आमच्याकडे मराठीचं एक कपाट आहे, जुन्या कुठल्याशा देणगीतलं. मी डबा खाऊन झाल्यावर तिथे काहीतरी चाळायला जाते. त्या दिवशी हात घातला तर मागून हे धूड निघालं. मी ते काउंटरवर आणून ठेवलं तेवढ्यात एक मुलगी धावत आली, आणि माफी मागायची सोडून माझ्यावरच चिडली. म्हणाली, सेकंड इयरपासून मी तिथेच ठेवते, आजवर त्या कपाटाला कुणी हात लावलेला नाही.

मला राग आला की वाईट वाटलं, ते अजून ठरलेलं नाही. तापसदांनी मात्र तिला नियम समजावून सांगितले आणि मग हळूच तमिळचं कपाट कुठे आहे तेही सांगितलं.

* * *

आता लाहिरी सर. इतिहासाचे. माणूस विद्वान, पण कुणाला चांगलं म्हणायचं नाही असा जणू पणच केलेला. त्यांना एक जुनं पुस्तक हवं होतं. कोलकात्यात कुठेच मिळेना. शेवटी दूरच्या एका युनिव्हर्सिटीत सापडलं, आणि मी पत्रव्यवहार करून आठवड्याच्या बोलीवर ते मागवलं. सर तिथेच उभ्याने चाळायला लागले आणि कपाळाला आठ्या. म्हणाले, कोणा मूर्खाने समासभर शेरे मारून ठेवलेत, एकाही वाक्याला अर्थ नाही.

शेरे वाचत वाचत सर पहिल्या पानापर्यंत आले. तिथे त्यांचीच सही! कॉलेजात असताना कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकवाल्याला विकून टाकलेलं पुस्तक, फिरत फिरत तिकडे पोचलेलं. मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस हसेल. सरांनी चष्मा नीट केला.

"मूर्खच होतो," एवढं म्हणून ते वाचनकक्षात गेले.

* * *

या लाहिरी सरांकडे पीएचडी करत होती मौसुमी. हावड्याची मुलगी. तिथल्या लेथच्या छोट्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध. रोज लाँचने हुगळी ओलांडून यायची. तिचं प्रकरण वाचून झालं की सर खाली एकच शब्द लिहायचे, 'पुन्हा'. ती माझ्या टेबलाशी येऊन ती पानं उलटी ठेवायची आणि चहाला चला म्हणायची. सर तिला कधीतरी बरं म्हणतील ही आशा तिने सोडली होती, निदान तसं सांगायची तरी.

त्यातून सर रिटायर व्हायला आले. आमच्याकडे नियम असा, की गाइड रिटायर होण्याआधी प्रबंध गेला नाही तर नवा गाइड. आणि नवा गाइड म्हणजे नव्याने सगळं. मौसुमी दिवसरात्र एक करून लिहीत होती.

* * *

मधेच वरून हुकूम आला, प्रत्येक प्राध्यापकाने आपलं लेखन युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन संग्रहात स्वतः चढवायचं. मी वर्कशॉप घेतलं. लाहिरी सर पहिल्या रांगेत. माउसला आयुष्यात हात न लावलेला माणूस, पण शिकायचं म्हणजे शिकायचं. मी सगळ्यांना सरावाचं पान उघडून दिलं आणि सांगितलं, जी असेल ती फाइल चढवून बघा.

सरांना सराव ही कल्पनाच पसंत नसावी. त्यांनी थेट खरं पान उघडलं. पेनड्राइव्हवर फाइल एकच होती, ती त्यांनी व्यवस्थित, एकही चूक न करता स्वतःच्या नावावर चढवली आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. ती फाइल म्हणजे मौसुमीने वाचायला दिलेला संपूर्ण प्रबंध, हे आम्हाला कळलं फार पुढे.

* * *

कळलं सरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी. प्रबंध जमा करायला लायब्ररीचं सर्टिफिकेट लागतं, की यात उचलेगिरी नाही. मी फाइल तपासायला टाकली आणि रिपोर्ट आला वरपासून खालपर्यंत लाल! अख्खा प्रबंध चोरलेला. कुणाचा, तर प्राध्यापक लाहिरींचा.

मौसुमी माझ्यासमोरच बसलेली. घोळ काय झाला ते मला पाचेक मिनिटांत उमगलं, पण उमगून उपयोग काय? ज्याच्या नावावर लेखन आहे त्याला चीफ लायब्रेरियनसमोर येऊन ते आपलं नाही असं सांगावं लागतं. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की खेळ खलास. मी तापसदांना पिटाळलं. सर निरोपसमारंभात होते, ते तिथून तसेच आले, गळ्यातल्या हारासकट.

चीफ मॅडम एके काळी त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या उठून उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच विचारलं, "स्यार, विचारणं भाग आहे. हे लेखन तुमचं आहे का?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरचा मजकूर वाचायला लागले. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी काम होतं. पण सर एक पान वाचून पुढच्या पानावर गेले. मौसुमीने खुर्चीची कड घट्ट धरली होती. मला वाटलं, आता हे म्हणणार 'पुन्हा'.

"माझं नाही," सर म्हणाले. "माझं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं."

आणि हार काढून टेबलावर ठेवून निघून गेले.

मॅडमनी सही केली. मी शिक्का मारून सर्टिफिकेट पुढे केलं, तर समोर मौसुमी नाही. ज्याच्यासाठी दिवसभर जीव टांगणीला लागला होता ते माझ्याच हातात. ते घेऊन मी जिना उतरून पळत गेले. ती बाहेर पायऱ्यांवर पाठमोरी उभी, फोनवर आईशी बोलत होती. आईने सर्टिफिकेटचं विचारलं असावं.

"ते राहू दे, मा," मौसुमी म्हणत होती. "आधी स्यार काय म्हणाले ते ऐक."