कोनाड्यातले दोन गिलास

आजार जात पाहत नाही, श्रीमंत-गरीब पाहत नाही, त्याच्यापुढे सगळी माणसं सारखी. प्रल्हाद सोनकांबळे यांच्या नांदेडच्या शोकसभेत हे वाक्य पहिल्या तीनही वक्त्यांनी म्हटलं आणि अध्यक्षांनी समारोपात पुन्हा म्हटलं. मंचामागच्या फलकावर ‘आरोग्यदूत’ असं लिहिलं होतं. हयातीत त्यांच्या कार्यालयात त्यांना ‘बेडकेवाले’ म्हणत, कारण खोकणाऱ्या माणसांचा बेडका डबीत घेऊन तो तपासणीला पोहोचवणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. बातमी मला आधीच, लातूरहून त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळली होती. “काका, बाबा गेले. चहा पीत होते...” एवढंच ती म्हणाली. निवृत्तीनंतर ते तिच्याकडेच राहत. आयुष्यभर दुसऱ्यांची छाती ऐकणारा माणूस स्वतःच्या छातीचं दुखणं पित्त समजून अंगावर काढत होता, हेही तिनं नंतर सांगितलं.

आमची ओळख लोह्याची. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि ते तालुक्यात क्षयरोगाचं काम पाहत. दोघांच्या भाड्याच्या खोल्यांत एकच भिंत होती आणि पेपरही एकच, आधी ते वाचत, मग मी. ते बौद्ध, आमचं घर मुदखेडकडचं, शेतकरी मराठ्यांचं. ही माहिती आम्ही एकमेकांना कधी दिली नाही. आमच्याकडे ती आडनावाबरोबर आपोआप पोहोचते.

टीबीबद्दल मला जे कळतं ते सगळं त्यांच्याकडून. फुप्फुसांवर ते फार बोलत नसत, बोलत ते घरांवर. बाप्याचा खोकला नांदेडला जातो, म्हाताऱ्याचा खोकला ओसरीवर राहतो आणि सुनेचा खोकला माहेरी जातो, हे त्यांचं निरीक्षण. सून आजारी पडली की सासरचे तिला ‘आरामाला’ माहेरी धाडतात, बरी झाली की घेऊन जातात. औषधाची नोंद मात्र तालुक्याच्या हद्दीला थांबते. त्यामुळे अर्धवट उपचारातल्या बायकांचा माग काढत फिरणं, या गावच्या सुनेला त्या गावच्या लेकीच्या नावानं शोधणं, यात त्यांचे दिवस जात. “बाई बरी व्हायला लागली की आमची पंचाईत सुरू होती, सर,” ते म्हणायचे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतं, घरचे म्हणतात झाली की बरी, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या तिथंच बंद होतात. मग तोच आजार अधिक हट्टी होऊन परत येतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या मोटारसायकलची. ती साऱ्या तालुक्याला ओळखू येई. ती ज्या दारात थांबली त्या घरातल्या मुलीचं लग्न अडलं, असं दोन-तीनदा झालं. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. ज्या गल्लीत रोगी असेल त्या गल्लीतल्या प्रत्येक घरी थांबायचं आणि पाणी मागायचं. रोग्याच्या घरी तेवढ्यात गोळ्यांची चौकशी उरकायची. गल्लीला वाटायचं, या माणसाला तहान फार. पाणी कुठे पेल्यात मिळे, कुठे वरून ओंजळीत. पाणी मागायची पद्धत त्यांनी काढली खरी; ते कशातून मिळणार हे गाव ठरवत होतं.

हे सगळं मी करमणूक म्हणून ऐकत होतो, तोवर माझी भाची रेखा खोकायला लागली. मुदखेडजवळच्या माझ्या बहिणीची ही मुलगी लोहा तालुक्यातल्या एका गावात दिलेली. टीबी निघाला आणि सासरच्यांनी तिला आरामाला माहेरी आणून सोडलं. तीन वर्षांचा मुलगा मात्र ठेवून घेतला. माहेरी तिनं दोन महिने गोळ्या नेमानं घेतल्या. खोकला थांबला. पंचमीच्या तोंडावर सासरहून निरोप आला: घ्यायला येतो, पण बरी झाली असेल तरच, आणि आता घरात दवाखाना नको. गोळी चालू आहे म्हणजे आजार चालू आहे, असा त्यांचा साधा हिशेब. रेखाला मुलाकडे जायचं होतं. गोळ्या सोडायला ती तयार झाली.

बहिणीनं मला गळ घातली की काहीतरी कर, पण तुझ्या त्या मित्राला त्या घरी पाठवू नको, गाव ओळखतं त्यांना. पुरोगामी म्हणून कॉलेजात माझा थोडाफार लौकिक होता. तरी मी हा निरोप जसाच्या तसा सोनकांबळेंना दिला.

“ओळखतं म्हंजे काय सर, टीबी कळंल का जात कळंल?” त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं. मी पेपरासाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला आणि पुढच्या आठवड्यात त्या घरी गेले.

तिथं त्यांनी रेखाचं नावही काढलं नाही. सासूबाईंना एवढंच सांगितलं की गोळ्या मध्येच सुटल्या तर आजार उलटतो आणि लहान पोराच्या छातीत लवकर शिरतो. सुनेसाठी जे घर हलत नव्हतं ते नातवासाठी हललं. रेखाला परत आणलं आणि गोळ्या चालू ठेवायचं ठरलं. दर पंधरा दिवसांनी सोनकांबळे येणार, आल्यावर गल्लीभर पाणी पिणार. टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि रेखाचा गिलास दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला. तिथं एक गिलास आधीपासून होता. तो सोनकांबळेंचा.

एकदा मी त्यांच्यासोबत गेलो. मामा म्हणून मला आत बाजेवर बसवलं, कपबशीत चहा दिला. ते ओट्यावर बसले. सासूबाई दारातच तूर निवडत होत्या. रेखा आतून पाणी घेऊन आली, घरातल्या गिलासात.

“त्यो न्हवं. कोनाड्यातला,” सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

रेखा तशीच उभी राहिली. “ह्यो बी धुतलेलाच हाय, आत्याबाई,” ती म्हणाली.

सासूबाईंचे हात थांबले. मी बशीत चहा ओतत होतो, ओतत राहिलो... काहीतरी बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. माझ्याकडे त्या विषयावर निदान तीन भाषणं तयार होती.

“पोरी, कोनाड्यातलाच आण,” सोनकांबळे म्हणाले. “आन् जरा लवकर आण, मला म्होरं दोन गावं करायची हायत.”

तिनं तो आणला. ते पाणी प्यायले, तिच्याकडून गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून घेतली, तिच्या उपचाराच्या कार्डावर खुणा केल्या. निघताना गिलास स्वतःच विसळून कोनाड्यात तिच्या गिलासाशेजारी ठेवला. “तुझा तीन महिन्यांनी आत जातोय बघ,” ते तिला हळूच म्हणाले.

“आन् तुमचा?”

“माझं कार्ड लई जुनं हाय.”

परत येताना मी मागे बसून बराच वेळ संतापानं बोललो. हे लिहायला पाहिजे, पेपरात द्यायला पाहिजे, असंही म्हणालो. त्यांनी ओढ्याच्या पुलाजवळ गाडी थांबवली. “तिनं भांडण केलं असतं तर माझं काय जात होतं? मी दुसरीकडं पाणी प्यालो असतो. पण मग मला त्या दारात येऊ दिलं नसतं, आन् तिच्या गोळ्या बंद. लिहा की सर. पण तिच्या गोळ्या संपल्यावर लिहा.”

गोळ्या संपल्या. तपासणी स्वच्छ आली. रेखा आज ठणठणीत आहे, मुलगा बारावीला आहे. मी तेव्हा लिहिलं नाही. नात्यातलं प्रकरण, तिला त्रास होईल, अशी कारणं सापडत गेली. सोनकांबळेंनी त्याची आठवण कधी करून दिली नाही. आता ते गेल्यावर लिहितो आहे. त्यात आता धोका काही उरलेला नाही, हेही लिहिलेलं बरं.

शोकसभेनंतर मी रेखाला सांगायला तिच्या गावी गेलो. ती भजी तळत होती. ऐकून तिनं गॅस बंद केला आणि पदरानं तोंड पुसलं. “मला पोरी म्हणायचे,” ती म्हणाली. कोनाडा रिकामा दिसत होता. या लेखासाठी मनाजोगता शेवट मिळेल अशा आशेनं मी तिला गिलासांचं विचारलं. मला वाटलं, हिनं कधीतरी दोन्ही उचलून आत नेले असतील.

“कुठलं, मामा. मला आत्याबाईनं नवा दिला, जुना तिथंच राहिला. ते बी रिटायर झाले, यायचं बंद झालं. दोन्ही एकाच दुकानातले, कुणाचा कोणता कळंना. परसाल भांडेवाली आली तर आत्याबाईनं दोन्ही देऊन टाकले, ह्यो झारा घेतला.”

तिनं मला झारा दाखवला. हलका निघाला म्हणाली, भजी काढताना वाकतो.